युटाच्या कमानी, हातातली बॅटरी आणि सगळ्यांचा अंधार

(पोस्ट लांबलचक आहे. फोटोग्राफीशी संबंध नसला तरी वाचा, कारण विषय फोटोचा कमी आणि सार्वजनिक जागेचा जास्त आहे.)

एक फोटो तुम्ही नक्की पाहिलेला असणार. लालसर दगडाची प्रचंड कमान, आत कुणीतरी शेकोटी पेटवावी तशी उजळलेली, आणि तिच्या डोक्यावर आकाशगंगेचा पट्टा. कॅलेंडरवर, मोबाइलच्या वॉलपेपरवर, इन्स्टाग्रामवर, सगळीकडे असतो. बऱ्याचदा तो अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वाळवंटात काढलेला असतो.

त्या फोटोतला तो सोनेरी उजेड प्रत्यक्षात तिथे नसतो. चंद्र नसलेल्या रात्री ती कमान म्हणजे ताऱ्यांसमोर उभा एक काळा आकार, बस. उजेड फोटोग्राफरने पाठपिशवीतून आणलेला असतो. कॅमेऱ्याचं शटर वीस-पंचवीस सेकंद उघडं ठेवायचं, तेवढ्या वेळात हातातल्या बॅटरीचा झोत दगडावरून भिंतीला रंगाचा ब्रश फिरवावा तसा फिरवायचा. म्हणून त्याला नाव पडलं लाइट पेंटिंग.

आणि हेच करायला आज युटातल्या आर्चेस आणि कॅन्यनलँड्स या दोन राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे. पायाखालची वाट दिसावी म्हणून बॅटरी लावा, कुणी अडवणार नाही. दगडावर झोत टाकून फोटो काढायचा नाही. आधी ही अट पैसे घेऊन कार्यशाळा चालवणाऱ्यांच्या परवान्यात आली, नंतर सगळ्यांनाच लागू झाली.

फोटोग्राफीच्या ग्रुपवर हा विषय निघाला की भांडण ठरलेलं. अमेरिकेत राहणारी आपली मराठी मंडळीही त्यात हिरिरीने असतात. लाँग वीकेंडला मोआबला जायचं, हॉटेल बुक, लेन्स भाड्याने आणलेली, आणि तिथे पोचल्यावर कळतं की बॅटरी चालवायची नाही. मग सुरू होतं. "दगडाचं काय झिजतं?" "उजेडाने डाग पडतात का?" "आम्ही टॅक्स भरतो." "सरकारला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचंय."

माझं मत सरळ सांगतो. बंदी योग्य आहे. पण तिची जी कारणं साधारणपणे दिली जातात त्यातली सगळीच मला पटत नाहीत, आणि खरं कारण मात्र फारसं कुणी बोलत नाही. माझ्याकडेही ट्रायपॉड आहे, त्यामुळे हे मी कुंपणापलीकडून लिहीत नाहीये.

आधी जागेबद्दल थोडं. आर्चेसमध्ये २,००० हून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. जमिनीखाली मिठाचा जाड थर, त्यावर वालुकाश्म. मीठ दाबाखाली सरकतं, वरचा दगड फुगतो, चिरतो, त्या चिरांमध्ये पाणी आणि बर्फ शिरतं, दगडाच्या उभ्या पातळ भिंती उरतात आणि त्या भिंतींना भोकं पडत जातात. हे अजून चालूच आहे. १९९१ मध्ये लँडस्केप आर्चचा मोठा तुकडा खाली आला. २००८ च्या ऑगस्टमध्ये वॉल आर्च नावाची अख्खी कमान एका रात्रीत कोसळली. म्हणजे ही काही वज्रासारखी स्मारकं नाहीत, कधीतरी पडणारच आहेत. बॅटरीच्या उजेडाने ती पडणार नाहीत हेही तितकंच खरं.

मग भीती कशाची? एक जुनी गोष्ट इथे सांगायला हवी. सप्टेंबर २००० मध्ये एका नामवंत व्यावसायिक फोटोग्राफरने डेलिकेट आर्चखाली रात्रीच्या फोटोसाठी उजेड हवा म्हणून चक्क आग लावली. सोबत शिकायला आलेले विद्यार्थी होते. ॲल्युमिनियमच्या ताटांत जळणाचे तयार ओंडके ठेवून पेटवले. दगडावर काळे, तेलकट डाग पडले. डेलिकेट आर्च म्हणजे युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर असते ती कमान. आपल्याकडे कुणी वेरूळच्या कैलास लेण्यात फोटोसाठी टायर जाळावा, तसंच झालं. खटला चालला, गुन्हा कबूल झाला, सुमारे १०,९०० डॉलरची भरपाई द्यावी लागली.

बॅटरीवाले म्हणतात, आम्हाला त्या माणसाच्या पंगतीला बसवू नका. बरोबर आहे. आग आणि उजेड एक नव्हे. ती गोष्ट मी वेगळ्या कारणासाठी सांगितली. कमानीखाली आग लावणारा माणूस वाळवंटाचा शत्रू नव्हता, त्या वाळवंटावर प्रेम करणारा होता. वर्षानुवर्षं त्याने तिथले सुंदर फोटो काढले होते. प्रेम असलं म्हणजे माणूस आपोआप जपून वागतो, या समजुतीला तिथेच तडा गेला. त्यामुळे "आम्ही निसर्गप्रेमी आहोत, आमच्यावर विश्वास ठेवा" हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही.

आता गर्दीचं बघा. २०२१ मध्ये आर्चेसला १८ लाखांहून अधिक लोक आले. दिवसाची गर्दी इतकी की २०२२ मध्ये वेळ ठरवून प्रवेश द्यायची पद्धत आणावी लागली. रात्रीचं गणित त्याहून अवघड. आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग उत्तर गोलार्धातून साधारण मार्च ते ऑक्टोबर नीट दिसतो. त्यातही चंद्र नको, म्हणजे महिन्यातून आठ-दहा रात्री. त्यातल्या ढग नसलेल्या किती? आणि सगळ्यांना हव्यात त्याच चार जागा. डेलिकेट आर्च, डबल आर्च, टरेट आर्च, बॅलन्स्ड रॉक. म्हणजे जूनच्या अमावास्येला एका कमानीसमोर पंधरा-वीस ट्रायपॉड उभे असणं यात नवल काही नाही.

आता त्या वीस जणांतल्या एकाने बॅटरी लावली. काय होतं?

प्रत्येकाचं शटर वेगळ्या वेळी उघडलेलं असतं. एक साधा हिशेब फोटोग्राफर वापरतात: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, येतील तितके सेकंद शटर उघडं ठेवता येतं, त्यापुढे तारे ठिपक्यांऐवजी रेघांसारखे दिसू लागतात. २० मिलिमीटरची लेन्स असेल तर २५ सेकंद. या २५ सेकंदांत शेजाऱ्याने तीन-चार सेकंद जरी झोत फिरवला तरी तुमच्या फोटोत कमान उजळली. तुम्हाला ती काळी हवी होती, फक्त बाह्यरेषा हवी होती, याला अर्थ उरला नाही. त्याला डावीकडून उजेड हवा, दुसऱ्याला उजवीकडून, तिसऱ्याला पिवळा, चौथ्याला पांढराफटक. मग अंधारात आरडाओरडा. "लाइट ऑफ!" "हू इज दॅट?" तासाभराची चढण चढून शांतता ऐकायला गेलेल्या माणसाच्या कानावर हे पडतं.

आणि तो झोत केवढा असतो याची कल्पना यावी म्हणून थोडं गणित. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर साधारण पाव लक्स उजेड पडतो. चंद्र नसलेल्या रात्री, शहरापासून लांब, नुसत्या आकाशाचा उजेड लक्सच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. आता दुकानात मिळणारी, लांब झोत टाकणारी एखादी बरी बॅटरी घ्या, जिच्या झोताची तीव्रता १०,००० कँडेला आहे. तिचा उजेड ५० मीटरवरच्या दगडावर किती पडेल? अंतराच्या वर्गाने भागायचं. १०,००० भागिले २,५००, म्हणजे ४ लक्स. पौर्णिमेच्या सोळापट. त्या रात्रीच्या नैसर्गिक उजेडाच्या चार हजारपट.

चार हजारपट! दिवसा कुणी एवढ्या प्रमाणात आवाज वाढवला असता तर आपण पोलीस बोलावले असते. उजेडाला आवाज नसतो म्हणून तो त्रास आहे हे आपल्या लक्षातच येत नाही.

माणसाच्या डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. ती झाली की मग दिसायला लागतं: ताऱ्यांच्या उजेडात पायवाट दिसते, दगडाची कड दिसते, आकाशगंगेतले काळे पट्टे दिसतात. एक पांढरा झोत डोळ्यांवर आला किंवा समोरच्या दगडावरून उलटून आला, की ती सवय मोडली. पुन्हा वीस मिनिटं. आणि तिथे आलेल्या सगळ्यांकडे कॅमेरा नसतो बरं का. कुणी म्हातारे आई-वडील घेऊन आलेलं असतं, कुणाची मुलगी आयुष्यात पहिल्यांदा आकाशगंगा बघत असते. २०१६ साली जगाच्या रात्रीच्या उजेडाचा जो नकाशा-अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार जगातल्या एक तृतीयांश लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही. उत्तर अमेरिकेत तर जवळपास ८० टक्के लोकांना. म्हणजे शिकागो, ह्यूस्टन, न्यू जर्सीतून तिथे पोचलेल्या कुटुंबासाठी ती एक रात्र असते. ती रात्र तुमच्या पोस्टसाठी खर्ची घालायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

मला खरं कारण हे वाटतं. दगडाचं काही बिघडत नाही, मान्य. पण अंधार ही तिथली वस्तू आहे, आणि ती सगळ्यांची आहे. एकाने वापरली की बाकीच्यांची संपते. गावाच्या विहिरीसारखं आहे हे. विहिरीच्या दगडाला तुम्ही हात लावलेला नाही हे खरं, पण पाणी उपसलंत ना?

एडवर्ड ॲबी नावाचा लेखक १९५० च्या दशकात याच आर्चेसमध्ये रेंजर होता. तेव्हा तिथे धड डांबरी रस्ताही नव्हता. त्याच्या १९६८ च्या 'डेझर्ट सॉलिटेअर' या पुस्तकात बॅटरीबद्दल एक निरीक्षण आहे. बॅटरी लावली की तिच्या छोट्याशा उजेडाच्या गोलापुरतंच दिसतं आणि बाकीच्या रात्रीपासून आपण तुटतो, विझवली की सगळ्या परिसराचा भाग होतो, अशा अर्थाचं. डिजिटल कॅमेरा यायच्या कितीतरी आधीचं हे. माणूस तिरसट होता, त्याची सगळी मतं पटावीत अशी नाहीत. पण हे निरीक्षण कुणीही गच्चीवर जाऊन तपासून पाहू शकतो.

माणसांपलीकडेही कुणी आहे तिथे. वाळवंटातले बरेचसे प्राणी रात्री बाहेर पडतात, कारण दिवसा उन्हात टिकाव लागत नाही. कांगारू रॅट नावाचा छोटा उंदीर चांदण्या रात्रीसुद्धा उघड्यावर यायला कचरतो, कारण उजेड म्हणजे घुबडाला आमंत्रण. चंद्राच्या उजेडाला जो घाबरतो त्याच्यावर चंद्राच्या सोळापट झोत पडला तर तो त्या रात्री उपाशी राहील की नाही? वटवाघळं आहेत, फुलांवर येणारे पतंग आहेत. एका बॅटरीने एखादी जात नष्ट होणार नाही, अतिशयोक्ती मला करायची नाही. पण रोज रात्री, त्याच चार जागी, वेगवेगळ्या माणसांच्या बॅटऱ्या, हा हिशेब एका बॅटरीचा राहत नाही.

आणि एक गोष्ट फोटोत कधीच दिसत नाही. समोरून उजेड टाकला तर दगड सपाट, पुठ्ठ्यासारखा दिसतो. उठाव यायचा तर उजेड बाजूने हवा. म्हणजे एकाने कॅमेऱ्यापाशी थांबायचं आणि दुसऱ्याने बॅटरी घेऊन अंधारात पायवाट सोडून बाजूला जायचं. युटाच्या त्या भागात जमिनीवर काळपट, खरखरीत पापुद्रा असतो. तो जिवंत असतो. सूक्ष्मजीव, शेवाळ, दगडफूल यांनी मिळून वाळू धरून ठेवलेली असते. त्यावर पाय पडला की चुरा, आणि पुन्हा तयार व्हायला कित्येक वर्षं, कधीकधी दशकं. दिवसा तो बघून टाळता येतो. रात्री, दगडाच्या कडेला योग्य कोन शोधणाऱ्या माणसाला तो दिसत नाही. म्हणून "उजेड काही मागे ठेवत नाही" हे वाक्य अर्धंच खरं. उजेड ठेवत नाही, उजेड धरणाऱ्याचे बूट ठेवतात.

आता विरोधातले मुद्दे. त्यातले काही वजनदार आहेत, उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला: गाड्यांच्या हेडलाइटचं काय? बॅलन्स्ड रॉक अगदी रस्त्याला लागून आहे. दर दहा मिनिटांनी एखादी गाडी वळते आणि अख्खा दगड उजळतो. मोआब गावाच्या दिव्यांचा उजेड क्षितिजावर दिसतो. २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात, हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींवरून, रात्रीचं आकाश जगभरात सरासरी वर्षाला ९.६ टक्क्यांनी उजळत चाललंय असं दिसलं. त्यापुढे आमची बॅटरी ती काय?

मुद्दा खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. बाहेर सगळीकडे अंधार संपत चाललाय म्हणून जिथे थोडा उरलाय तिथे तो जास्त जपायचा. युटाने हे लवकर ओळखलं. जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क २००७ मध्ये घोषित झालं ते युटातलंच, नॅचरल ब्रिजेस. कॅन्यनलँड्सला हा दर्जा २०१५ मध्ये मिळाला, आर्चेसला २०१९ मध्ये. त्यासाठी पार्कवाल्यांना आधी स्वतःचे दिवे बदलावे लागले: झाकलेले, जमिनीकडे तोंड असलेले, गरजेपुरते. ज्याने स्वतःच्या इमारतीचे दिवे आधी खाली वळवले, तो पाहुण्याला बॅटरी विझवायला सांगू शकतो. आधी स्वतः, मग इतर. आपल्याकडच्या किती खात्यांबद्दल असं म्हणता येईल?

दुसरा मुद्दा: या फोटोंमुळेच तर लोकांना अंधाराची किंमत कळली. हे मी मनापासून मान्य करतो. उजळलेल्या कमानीवरच्या आकाशगंगेने जितके लोक वेडे केले तितके कुठल्या अहवालाने केले नसतील. पण ज्या गोष्टीने लोक बोलावले, तीच गोष्ट लोक आल्यावर चालू ठेवता येत नाही, हे पर्यटनात नेहमीच होतं. दहा माणसं यायची तेव्हाचे नियम दहा हजारांना चालत नाहीत. त्यात कुणाचा अपमान नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात चांगला आहे. बॅटरी फिरवण्याला एक सौम्य पर्याय गेल्या दहाएक वर्षांत रुजला. इंग्रजीत त्याला लो लेव्हल लाइटिंग म्हणतात. हातात काही धरायचं नाही. छोटे एलईडी पॅनल बाजूला स्टँडवर उभे करायचे आणि इतके मंद करायचे की नुसत्या डोळ्यांना दगड जेमतेम उजळल्यासारखा वाटावा. ताऱ्यांच्या उजेडाशी जुळणारा उजेड. तो सतत चालू राहतो, त्यामुळे सगळ्यांना सारखाच मिळतो, भांडण नाही, झोत नाही, डोळ्यांची सवय मोडत नाही. ही पद्धत मांडणारे युटातले रॉइस बेअर, वेन पिंक्स्टन यांच्यासारखे फोटोग्राफर स्वतः अंधाराची काळजी करणारेच आहेत. ते विचारतात, आम्हाला आणि हजार ल्युमेनची बॅटरी नाचवणाऱ्याला एकाच दोरीने का बांधता?

प्रश्न रास्त आहे. नियम जाडाभरडा आहेच. पण रात्री दोन वाजता एकटा रेंजर, हातात लक्समीटर घेऊन प्रत्येक पॅनल मोजत फिरेल का? मंद म्हणजे किती मंद, हे कोण ठरवणार? ज्याला सौम्य उजेड हवा त्याच्या शेजारी उजेडच नको असलेला माणूस उभा असेल तर कुणाचं ऐकायचं? अंधारात राबवायचा नियम साधा असावा लागतो. "दगडावर दिवा नाही" हे सगळ्यांना कळतं. शिवाय स्टँड ठेवायला पायवाट सोडावी लागते, हा बुटांचा प्रश्न इथेही सुटत नाही.

तरी मी पार्कच्या जागी असतो तर एक दार किलकिलं ठेवलं असतं. वर्षातून काही ठरावीक रात्री, एखाद-दुसऱ्या कमानीपाशी, सोडत काढून मोजक्या लोकांना, रेंजर हजर असताना, मंद पॅनलची परवानगी. हे अशक्य नाही. युटा-ॲरिझोनाच्या सीमेवर 'द वेव्ह' नावाची लाटांसारखी खडकरचना आहे, तिथे दिवसाला जास्तीत जास्त ६४ जणांना सोडतीने प्रवेश मिळतो. खुद्द आर्चेसमधल्या फायरी फर्नेस या चक्रव्यूहासारख्या भागात परवाना किंवा रेंजर असल्याशिवाय जाता येत नाही. मोजून द्यायची पद्धत तिथे रुजलेली आहे. उजेडालाही ती लावता येईल. बाकीच्या सगळ्या रात्री मात्र अंधाराच्या.

आणि ज्यांना वाटतं की बॅटरी नाही म्हणजे फोटोच नाही, त्यांच्यासाठी. चतुर्थी-पंचमीच्या चंद्रकोरीचा उजेड घ्या, ती संध्याकाळी पश्चिमेला कलताना दगडावर बाजूने जो उजेड टाकते तो कुठल्याही एलईडीपेक्षा सुंदर असतो, आणि फुकट. सूर्यास्तानंतरच्या निळसर उजेडात ट्रायपॉड न हलवता कमानीचा एक फोटो घ्या, मग अंधार पडल्यावर आकाशाचा, दोन्ही जोडा. जोडलेत हे प्रामाणिकपणे लिहा. किंवा जमिनीसाठी आयएसओ कमी करून शटर पाच-दहा मिनिटं उघडं ठेवा. ताऱ्यांच्या उजेडातही दगड हळूहळू उमटतो, रंगासकट. आजचे कॅमेरे हे करू शकतात. नाहीतर कमान काळी राहू द्या की! आकाशगंगेसमोर काळी कमान, हा फोटो कमी दर्जाचा आहे असं कुणी ठरवलं?

ज्यांना बॅटरीनेच रंगवायचंय त्यांच्यासाठी वाळवंट बंद झालेलं नाही. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यात पश्चिम अमेरिकेत प्रचंड जमीन आहे, कॅलिफोर्नियातल्या अलाबामा हिल्ससारख्या कमानी-खडकांच्या जागाही त्यात येतात. तिथे राष्ट्रीय उद्यानासारखी सरसकट बंदी नाही. स्थानिक नियम विचारून घ्या, आजूबाजूला कुणी आहे का बघा, आणि खुशाल रंगवा. म्हणजे वाद कलेवर बंदी घालण्याचा नाहीच. वाद चार प्रसिद्ध जागांपुरता आहे. त्या जागा प्रसिद्ध आहेत म्हणूनच तिथे आपल्याला जायचंय, आणि प्रसिद्ध आहेत म्हणूनच तिथे आपण एकटे नसतो.

आता थोडं आपल्याकडे. कारण हा प्रश्न विमानात बसून आपल्याकडे येतोच आहे, किंबहुना आलाय.

लडाखमधलं हानले. थंड वाळवंट, ४,५०० मीटर उंची, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्सची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण. डिसेंबर २०२२ मध्ये हानलेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा भाग डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून जाहीर झाला. गावातल्या तरुण-तरुणींना दुर्बिणी आणि प्रशिक्षण दिलं, पाहुण्यांना आकाश दाखवून त्यांना चार पैसे मिळावेत म्हणून. तिथे अंधार हे उत्पन्नाचं साधन आहे, अगदी शब्दशः. पुण्या-मुंबईहून बाइक घेऊन गेलेल्या आपल्या पोराने डोंगरावरच्या जुन्या मठावर झोत टाकून रील बनवली, तर तो त्या गावकऱ्याच्या दुकानातला माल उधळतोय हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

महाराष्ट्रात पेंच. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झाला. त्यासाठी जवळच्या गावांतले दिवे बदलले गेले, उजेड आकाशात न जाता जमिनीवर पडेल असे. किती जणांना ही बातमी माहीत होती? आपल्या मातीत घडलेली चांगली गोष्ट आपणच वाचत नाही.

आणि काजवे. मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीला झुंडीने लोक जातात. नर काजवा मादीला शोधण्यासाठी लुकलुकतो, त्याचं सगळं प्रौढ आयुष्य त्या दोन-तीन आठवड्यांत. आणि आपण त्या झाडाखाली गाडीचे हेडलाइट चालू ठेवून मोबाइलचा फ्लॅश मारतो. लुकलुकणं बघायला गेलेला माणूसच लुकलुकणं बंद पाडतो. युटाच्या कमानीत आणि या झाडात फरक फक्त एवढाच की तिथे नियम आहे आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला कुणीतरी आहे. आपल्याकडे वनखात्याची सूचना असते, ती फाटकावरच्या फलकावर, आणि फलकावर असतो गाड्यांचा धुरळा.

म्हणून आर्चेसच्या बंदीवर चिडलेल्या मित्रांना माझं सांगणं एवढंच. तुम्हाला तिथे फोटो काढू नका असं कुणी म्हणत नाहीये. तिथल्या अंधारात तुमचा जेवढा वाटा आहे तेवढाच शेजारी उभ्या असलेल्या, कॅमेरा नसलेल्या माणसाचा आहे, आणि बिळातून बाहेर पडायचं की नाही असा विचार करत बसलेल्या त्या उंदराचाही आहे. आपला वाटा घ्या. दुसऱ्याचा उचलू नका.

असहमत असाल तर कमेंटमध्ये जरूर लिहा, विशेषतः जे तिथे रात्री जाऊन आलेत त्यांनी. मंद पॅनलसाठी सोडत काढावी की नाही, यावर मला खरंच मतं हवी आहेत. फक्त "दगडाचं काय झिजतं" हे पुन्हा विचारू नका. दगडाचं काही झिजत नाही, हे वर मान्य करून झालंय.